तीन नंबरचं पाणी

लातूर, मंगळवार

लातूरच्या बसस्थानकावर उतरणारा माणूस आधी फोन काढतो आणि ‘पोचलो’ म्हणतो. माझ्या बसमधल्या झाडून साऱ्यांनी तेच केलं. एका आजीबाईंनी फोन उलटा धरला होता, तरी ‘पोचले गं, पोचले’ असं त्या ओरडून सांगत होत्या. मला असा फोन करण्याजोगं कुणी नव्हतं. मी बाकड्यावर पिशवी उघडली आणि काचेच्या बरण्या मोजल्या. जुन्या साडीत गुंडाळून सहा आणल्या होत्या. पाच शाबूत होत्या.

मी सांगलीची. कृष्णेच्या पाण्यावर चालणाऱ्या एका जलशुद्धीकरण केंद्रात अठ्ठावीस वर्षं नोकरी करते. गढूळ पाण्यात आज किती तुरटी घालायची, हे रोज सकाळी ठरवणं हे माझं काम. सहा बरण्यांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकीत तुरटी थोडी थोडी वाढवत न्यायची, मिनिटभर जोरात आणि वीस मिनिटं हळू ढवळायचं, मग हात न लावता बघत बसायचं. ज्या बरणीत गाळ लवकर आणि नीट बसतो, तिचा आकडा त्या दिवशीचा. यात बुद्धी फार लागत नाही. बघत बसता यावं लागतं, आणि ते मला येतं.

लातूरला येण्याचं कारण प्रज्ञा. तिशी ओलांडलेली ही मुलगी नांदेडच्या एका कॉलेजात संशोधन करते आणि औशाजवळच्या एका माळावर सिमेंटच्या टाक्यांत शेवाळ वाढवते. हे शेवाळ डोळ्यांना एकेकटं दिसत नाही, पाणीच हिरवं दिसतं. त्यात तेल असतं आणि त्या तेलाचं डिझेल होतं. इथवर सगळं सोपं. पण लिटरभर पाण्यात सुकं शेवाळ निघतं चिमूटभर, आणि ती चिमूट पाण्यातून वेगळी काढायची कशी, यावर जगभरची माणसं डोकं धरून बसली आहेत. गरगर फिरणाऱ्या यंत्रानं काढावं तर मिळेल त्या तेलापेक्षा वीजच जास्त जाते. तुरटी घालून तळाशी बसवावं तर तुरटी शेवाळातच राहते आणि पुढे नडते.

प्रज्ञाचं म्हणणं होतं की तिच्या तीन नंबरच्या टाकीतलं शेवाळ आपलं आपणच बसतं. काही घालावं लागत नाही. हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट होती. पुढच्या मंगळवारी नांदेडला समितीची बैठक होती. काम आणखी तीन वर्षं चालू ठेवायचं की टाक्या बुजवायच्या, हे त्या दिवशी ठरणार होतं. ‘आम्ही आपलं बघितलं, बसलं’ एवढ्यावर समिती ऐकणार नव्हती, तिला बाहेरच्या जाणत्या माणसाची सही हवी होती. एका चर्चासत्रात प्रज्ञाने माझं गाळावरचं बोलणं ऐकलं होतं, म्हणून तिने मला पत्र लिहिलं. माझी रजा भरपूर साठली होती. घरात आजारी पडायला आणि लग्न करायला कुणी उरलं नाही की रजा साठते.

औसा, बुधवार

औशाच्या फाट्यावर प्रज्ञा स्कूटर घेऊन उभी होती. बारीक, उंच, बोलायची घाई असलेली. तिला म्हटलं, आधी बरणी हवी. फाट्यावरच्या हॉटेलात काउंटरवर हव्या त्या मापाची काचेची बरणी दिसली.

“ही रिकामी करून द्याल का?” मी मालकांना विचारलं.

“रिकामी कशी करू? खारी हाय तिच्यात.”

“मग दुसरी?”

“दुसरीत बी खारीच हाय.” त्यांनी आम्हा दोघींकडे नीट पाहिलं. “असं करा. बसा, खारी खावा, बरणी न्या.”

बसलो. खारी संपेना, तेव्हा उरलेली त्यांनी कागदात बांधून दिली. इतर पाच बरण्या गोल आणि ही चौकोनी. पाणी चौकोनात वेगळं फिरतं, त्यामुळे ही मला मनातून आवडली नाही, पण इलाज नव्हता.

माळावर तीन टाक्या आहेत. लांबट गोल, गुडघ्याच्या वर उंच, प्रत्येकीत हजारएक लिटर पाणी. मधोमध लांब भिंत आणि एका टोकाला पंख्यांचं चाक. चाक फिरतं, पाणी भिंतीला वळसा घालत चालत राहतं. एक आणि दोन नंबरमधलं शेवाळ बाटलीतून विकत आणलेलं. तीन नंबरचं प्रज्ञाने जवळच्याच एका गावच्या पायऱ्यांच्या बारवेतून आणून वाढवलेलं. पलीकडे तिची खोली, तिच्या शेजारी पत्र्याची खोली. पत्र्याच्या खोलीत प्रयागबाई राहतात. वय साठीच्या पुढे, नवरा मागेच गेलेला, शेत भाच्याला बटईनं दिलेलं. माळाची राखण त्यांच्याकडे आणि बारव त्यांच्याच गावची. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

“ताई, सुशीला खाता का?”

मला आधी वाटलं, कुणा सुशीलाबद्दल चाललंय. भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे समोर आले तेव्हा कळलं. आमच्याकडे याच मुरमुऱ्यांची कोरडी, कुरकुरीत भडंग होते. इथे आधी ओले करतात. मी दोनदा घेतलं.

प्रज्ञाच्या खोलीत भिंतीला दोन खिळे. एकावर तिचा पांढरा ॲप्रन. दुसऱ्यावर मी माझा उन्हात बांधायचा निळा सुती स्कार्फ अडकवला आणि कामाला लागले.

तीन नंबरचं पाणी सहा बरण्यांत घेतलं. पाचांत चढत्या मापाने तुरटी, सहावीत काही नाही. तुरटीच्या बरण्यांत आधी बारीक कण दिसू लागले, मग कापसाच्या पिंजणासारखे गोळे झाले, आणि अर्ध्या तासात सगळं तळाशी. सहावी संध्याकाळपर्यंत हिरवीगार.

“आपोआप बसत नाहीये,” मी म्हटलं.

“आज नाही बसणार, मॅडम. मी सोमवारी खत घालते. आठवडाभर ते खातं. शनिवारपर्यंत खत संपतं. उपाशी पडलं की गोळे धरतं. रविवारी सकाळी चाक बंद करायचं, तासाभरात खाली.”

“उपाशी माणसं तर एकमेकांवर धावून जातात.”

ती हसली नाही. शेवाळाच्या बाबतीत ती हसत नाही. प्रत्येक पेशीवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना जवळ येऊ देत नाहीत आणि जन्मभर वेगवेगळ्या तरंगत राहतात, हे तिने मला समजावलं. मला ते ठाऊक होतं. तरी ऐकून घेतलं. खूप दिवस तिचं कुणी ऐकलेलं नव्हतं, हे ती श्वास न घेता बोलत होती त्यावरून कळत होतं.

गुरुवार, शुक्रवार

दोन्ही दिवस बरण्या. प्रज्ञा तिच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवायची, कारण टेबल तसंच बसत होतं. मी औशाला लॉजवर राहात होते आणि तिथल्या खाणावळीत जेवत होते. एकट्या बाईला इथे कोपऱ्यातलं टेबल देतात आणि भाकरी लवकर आणतात, म्हणजे ती लवकर जाईल. सांगलीतही तसंच आहे, फक्त तिथे भाकरीऐवजी चपाती आणतात. येसराची आमटी मात्र आमच्याकडे नाही. काळपट, दाट, कानाच्या पाळ्या गरम करणारी. ती मी रोज मागितली.

गुरुवारी दुपारी प्रयागबाई बरण्यांजवळ येऊन उकिडव्या बसल्या.

“काय करूलालाव ताई?”

“पाणी निवळतेय.”

“ही तुरटी लई चांगली दिसतीय. औशात मिळती ती मातकट. एक खडा देता का?”

“पाण्याला हवा का?”

“हाव. पाण्यालाच.”

टँकरचं पाणी किती गढूळ येतं ते मी पाहिलं होतं. ‘हाव’ म्हणजे इकडे ‘हो’. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ अधाशीपणा, त्यामुळे आठवडाभर मी दर वेळी जराशी दचकत होते. चांगला पेरूएवढा खडा काढून दिला. त्यांनी तो पदरात बांधला.

शनिवार

दुपारी चार वाजता आम्ही तिन्ही टाक्यांतलं पाणी बरण्यांत भरून खोलीत ठेवलं. टाकी उपाशी, तर बरणीही उपाशी. उद्या टाकीत जे होईल ते बरणीत व्हायला हवं. माझा हिशेब साधा होता.

मग प्रज्ञा म्हणाली, “दर शनिवारी संध्याकाळी मी औशाला जाते. येता?”

तिने आधी किल्ला दाखवला. बाहेरून पाहिला तर जमिनीत बसल्यासारखा, आत गेल्यावर उंच. आम्ही दोघी आणि पोपट सोडले तर आत कुणी नव्हतं. तटावर बसून तिने सगळं सांगितलं. या शोधावर तिचा निबंध एका मासिकाकडे गेलेला होता. आई देगलूरला एकटी. ‘ते शेवाळ पुरे झालं, इथल्या शाळेत लाग,’ म्हणून दर फोनला मागे लागलेली. वडील होते तोवर म्हणायचे, ज्या पाण्याला हात लावू देत नव्हते त्या पाण्यात तू शोध लावतेस, सोडू नकोस. त्यांच्या माघारी सोडायचा प्रश्नच नव्हता.

“मंगळवारी नाही म्हणाले तर?”

“नाही म्हणायला कारण नाही त्यांच्याकडे. तुमची सही असेल ना.”

खाली बाजारात ती प्रत्येक भाजीवाल्याला भाव विचारत होती आणि काही घेत नव्हती. तिसऱ्याला विचारल्यावर मी म्हटलं, “घ्यायचं नाही तर विचारतेस कशाला?”

“बोलायला,” ती म्हणाली. “आठवड्यात प्रयागबाई सोडून कुणाशी बोलणं होत नाही. त्यांच्याशी तरी काय बोलणार? त्या देवधर्मातल्या, मी बौद्ध घरातली, सगळ्याला पुरावा मागणारी. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्या दाराला लिंबू-मिरची बांधली. मी काढून फेकली. तेव्हापासून आमचं चहा आणि चाक, एवढंच.”

मीही सांगलीच्या बाजारात भाव विचारत फिरते, फक्त मंगळवारी. हे तिला सांगितलं नाही. एक गड्डी मेथी घेऊन टाकली.

रविवार

सकाळी सात वाजता प्रज्ञाने तिन्ही चाकं बंद केली. पाणी हळूहळू थांबलं. एक आणि दोन नंबर हिरवे ते हिरवेच. तीन नंबर आमच्या डोळ्यांसमोर निवळू लागलं. आधी वरचा बोटभर थर, मग वीतभर, मग टाकीचा तळ दिसला, त्यावर हिरवी साय धरल्यासारखा थर.

“आजवर इतकं स्वच्छ कधी बसलं नव्हतं!” प्रज्ञा माझा दंड धरून म्हणाली. “एरवी थोडी हिरवट झाक राहते. मॅडम, तुम्ही पाहिलंत ना? पाहिलंत ना?”

पाहिलं होतं. मी आत जाऊन बरण्या पाहिल्या. काल चारला भरलेली तीन नंबरची बरणी हिरवीगार होती. तेच पाणी, तितकंच उपाशी. बरणीत नाही बसलं आणि टाकीत बसलं. म्हणजे काल चारनंतर टाकीत काहीतरी गेलं होतं.

बाहेर येऊन नळीने तळातला थोडा गाळ उचलला. भिंगाखाली धरायची गरज नव्हती. शेवाळ स्वतःहून बसतं तेव्हा कसं दिसतं ते मला माहीत नाही, पण तुरटीचा गोळा मी अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी बघितला आहे. पांढुरकी, पिंजलेली कड. आईच्या हातचा लाडू ओळखावा तसा मी तो ओळखला. आणि हा गोळा औशाच्या मातकट तुरटीचा नव्हता. माझ्या पिशवीतल्या तुरटीचा होता.

प्रयागबाई मागच्या बाजूला भांडी घासत होत्या. त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“प्रयागबाई, मी दिलेला खडा कुठे आहे?”

“लागला की कामाला.”

“कसल्या कामाला?”

त्यांनी प्रज्ञाच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “बाईंची दृष्ट काढली. त्या मानत न्हाईत, मून त्या बाजाराला गेल्यावर काढते. अंगावरून कशी उतरवू? खिळ्याला कोट असतो ना पांढरा, त्याच्यावरून उतरवते सात बारी. मग चुलीतल्या इस्तवावर टाकते. तुमचा खडा असा फुलला ताई! लई नजर होती. माणसाचं तोंड उमटलं होतं त्याच्यात, टोपीवाल्याचं.”

“आणि मग?”

“मग काय, कुटायचा आन् वाहत्या पाण्यात सोडायचा. तशीच रीत हाय.” माझ्या तोंडाकडे बघून त्या जराशा चिडल्याच. “वाहतं पाणी कुठाय हितं? ओढा कोरडा ठाक. आमच्या माळाला वाहून राहिलेलं पाणी एकच, त्या टाक्यातलं.”

“तीनच नंबरमध्ये का टाकता?”

“बाकी दोन परक्याचं पाणी हाय, बाटलीतलं. तीन नंबर आमच्या बारवेचं. आपली पीडा आपल्या पाण्यात सोडावी. दुसऱ्याच्या कामून?”

वाहत्या पाण्याची इतकी अचूक निवड आमच्या केंद्रातल्या अभियंत्यांनाही जमली नसती. रात्रभर चाक हळू ढवळत होतं, सकाळी थांबत होतं. माझी बरणीतली चाचणी प्रयागबाई दर शनिवारी हजार लिटरवर करत होत्या.

“कधीपासून?”

“गेल्या सालच्या पोळ्यापासून. बाईंना कावीळ झाली व्हती. आठ रोज पडून व्हत्या. कुणी म्हून कुणी आलं न्हाई. त्याच्या आधी मात्र कॉलेजातनं माणसांची रांग, हिरवं पाणी बघाया. ‘लई भारी, लई भारी!’ नजर लागणार न्हाई तर काय व्हईल?”

प्रज्ञा टाकीजवळ उभी राहून फोनवर फोटो काढत होती. माझ्या पिशवीत समितीचा कागद होता. मी जे पाहिलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. चाक थांबवल्यावर तासाभरात शेवाळ बसलं, हे मी पाहिलंच होतं. तेवढंच लिहिलं असतं तरी एकही अक्षर खोटं झालं नसतं. कामात ही फट मला आजवर पुष्कळदा दिसली आहे. ती फार सोयीची असते, म्हणूनच तिच्यापासून लांब राहते.

प्रज्ञाला खोलीत बोलावलं, हिरवी बरणी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

तिने आधी वही काढली. तीन नंबर पहिल्यांदा बसलं त्या रविवारचं पान उघडलं. पोळ्यानंतरचा पहिलाच रविवार. मग मधले दोन रविवार दाखवले, जेव्हा बसलं नव्हतं. बाहेर जाऊन तिने प्रयागबाईंना त्या दोन आठवड्यांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “भाचीच्या लेकीच्या बारशाला गेले व्हते देवणीला. आन् एकदा औशात तुरटीच गावली न्हाई.”

“तुम्हाला मी किती वेळा सांगितलं!” प्रज्ञाचा आवाज माळभर गेला. “दृष्ट वगैरे काही नसतं! किती वेळा?”

“मून तर तुम्हाला सांगितलं न्हाई,” प्रयागबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी समजूतदारपणा केला.

“सव्वा वर्षाचं काम बुडालं माझं.”

“पर कावीळ उलटली का? न्हाई ना?”

प्रज्ञा टाकीच्या कडेला जाऊन बसली. बराच वेळ पाण्यात बघत होती. मी तिच्याजवळ गेले नाही. जाऊन काय करायचं असतं ते मला कधीच नीट कळलेलं नाही. मी बरण्या धुतल्या.

दुपारी ती आत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “शनिवारी संध्याकाळी काय झालं ते फक्त तुम्हाला आणि त्यांनाच माहीत आहे.”

“आता तुलाही.”

“हो,” ती म्हणाली. “आता मलाही.” त्यानंतर हा विषय तिने काढला नाही.

संध्याकाळी प्रयागबाईंनी उडदाचं घुटं केलं. मी आणलेली मेथी केली. भाकरी थापता थापता त्या मला हाक मारत होत्या, प्रज्ञाला नाही. प्रज्ञा आपली ताटली घेऊन स्वतःच आली आणि चुलीपुढे बसली. माळावर आल्यापासून पहिल्यांदा, हे मला नंतर कळलं. तिघी जेवलो. प्रयागबाईंनी तिला न विचारता घुटं वाढलं आणि तिने नको म्हटलं नाही.

सोमवारी एक नंबरच्या टाकीत मी तुरटी मोजून घातली. तिच्यातलं शेवाळ तसंच बसलं. आता शंकेला जागा नव्हती. दुपारच्या गाडीने आम्ही नांदेडला निघालो.

नांदेड, मंगळवार

बैठक अकराला होती. मी पहाटे उठून गुरुद्वाऱ्यात गेले, मग लंगरमध्ये बसले. शेकडो माणसांची पंगत, सगळे खाली, एका ओळीत. पोळी ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात पुढे करून घ्यावी लागते. मी सवयीने ताट पुढे केलं, तर वाढणारे सरदारजी थांबून राहिले. शेजारच्या बाईंनी माझे हात धरून ओंजळ करून दिली. कोपऱ्यातलं टेबल नाही आणि लवकर उठवण्याची घाईही नाही. एवढ्या माणसांत बसून जेवले तरी कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं. पोट मात्र छान भरलं.

समितीत पाच जण होते. माझा कागद आधी वाचला गेला. त्यात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, टाकीत बसलं ते आणि बरणीत बसलं नाही तेही. तुरटी कुठून आली हे सांगायचं प्रज्ञाने स्वतःकडे घेतलं होतं. ती उभी राहिली.

“तीन नंबरची टाकी आपोआप बसत नव्हती. तिच्यात दर शनिवारी तुरटी पडत होती. मला ठाऊक नव्हतं. निबंध मी काल परत मागवला आहे.”

“तुरटी पडत होती म्हणजे?” अध्यक्षांनी विचारलं. “आकाशातून? कुणी टाकत होतं?”

मला वाटलं, ती म्हणेल राखणदारीण. अडाणी बाई, अंधश्रद्धा. सगळे माना हलवतील आणि दोष जिथे सोपा तिथे जाऊन बसेल.

“माझ्या घरच्या माणसानं,” प्रज्ञा म्हणाली.

“तुमच्या घरचं कोण असतं तिकडे?”

“असतं,” ती म्हणाली आणि खाली बसली.

तीन वर्षं मिळाली नाहीत. टाक्या बुजवायच्याही नाहीत असं ठरलं. एक वर्ष दिलं, तेवढ्यात तुरटीशिवाय शेवाळ बसवायचा दुसरा मार्ग दाखवायचा. म्हणजे सव्वा वर्षापूर्वी ती जिथे होती तिथेच पुन्हा, फक्त मुदत कमी. जिन्यात ती क्षणभर भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “शेवग्याच्या बियांनी पाणी निवळतं म्हणतात. प्रयागबाईंच्या दारात शेवगा आहे.”

तिने मला बसस्थानकावर सोडलं. गोदावरीच्या पुलावर मिनिटभर रिक्षा थांबवली. पाणी रुंद होतं आणि सावकाश का होईना, वाहत होतं. दोघींच्याही मनात एकच गोष्ट आली असावी, कारण दोघीही एकदम हसलो. आठवडाभरात तेवढंच.

सांगली

परत येऊन महिना झाला. आल्या आल्या लक्षात आलं की निळा स्कार्फ खिळ्यावरच राहिला. उन्हात तो लागतोच. मी प्रज्ञाला फोन केला आणि तो पोस्टाने पाठवून दे म्हटलं. ती बरं म्हणाली. आठवडा गेला, दुसरा गेला, स्कार्फ आला नाही. पुन्हा फोन केला. ती गाडीत होती.

“पाठवते, मॅडम. जरा अडचण आहे.”

“स्कार्फ पाठवायला कसली अडचण?”

“मी नांदेडला निघालेय. आता दर सोमवारी कॉलेजला जावं लागतं ना. प्रयागबाई शनिवारच्या खड्याची पुडी देतात बरोबर, ती पुलावरून नदीत टाकायची असते.” ती घाईने पुढे म्हणाली, “टाकीत जायला नको म्हणून. त्याला शास्त्रीय कारण आहे.”

“आहेच,” मी म्हटलं. “पण माझ्या स्कार्फचं काय?”

मागे गाडीचा आवाज येत होता.

“मी खिळ्यावरून काढला होता. त्यांनी परत लावला. म्हणाल्या, ताईंचा ऱ्हाऊ द्या हितंच, शनिवारी लागतो.”

अठ्ठावीस वर्षांत किती टन तुरटी माझ्या हाताखालून गेली असेल, मला सांगता येणार नाही. माझ्यावरून उतरवलेला हा पहिला खडा. माझा या गोष्टीवर विश्वास नाही. प्रज्ञाला म्हटलं, राहू दे मग तिथेच. आणि संध्याकाळी बाजारात जाऊन दुसरा स्कार्फ घेतला.